आतल्या पानावरची माणसं

कोल्हापुरात पेपर हातात पडला की आधी ‘निधन’ बघणारी माणसं घरोघरी आहेत. पहिल्या पानावर सरकार पडल्याची बातमी असो की खासबाग मैदानातल्या कुस्तीची, ती नंतर. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटतं. पण आमच्याकडे रक्षाविसर्जन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी लवकर असतं, आणि त्याला गेलं नाही तर ते वर्षानुवर्षं लक्षात राहतं. आज कामावर थेट जायचं की आधी पंचगंगेच्या घाटावर, हे लोक त्या पानावरून ठरवतात. मृत्यूची दखल कशी घ्यायची, हे या गावाला कळतं. 6 मे 2022 रोजी राजर्षी शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली, तेव्हा सकाळी दहा वाजता सगळं शहर शंभर सेकंद जागच्या जागी उभं राहिलं होतं. रिक्षावाले रिक्षातून उतरून उभे होते.

मी एका दैनिकात उपसंपादक होते आणि माझ्या नोकरीचा मोठा भाग याच आतल्या पानावर गेला. निधन, आजचे कार्यक्रम, हरवले-सापडले, धरणांतला पाणीसाठा, गुळाचे आणि भाजीपाल्याचे दर. नव्यानं आलेल्या मुलामुलींना हे पान देतात. नावं बिनचूक लिहायची सवय लागावी, गावं आणि तालुके पाठ व्हावेत, हा हेतू. वर्षभरात ती मुलं महापालिका, पोलीस, राजकारण अशा ‘बीट’वर जातात. मला बदली विचारली गेली तेव्हा मी याच पानावर राहू द्या म्हणाले. वरिष्ठांना ते पटलं नाही, पण त्यांनी राहू दिलं.

तिथे राहावंसं का वाटलं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

निधनाचा मजकूर ठरलेल्या चौकटीचा असतो. नाव, वय, पेठ किंवा गाव, थोडीशी ओळख, ‘पश्चात’ कोण, रक्षाविसर्जन किती वाजता. फार तर पाच-सहा ओळी आणि अंगठ्याएवढा फोटो. आमच्याकडे हे सदर विनामूल्य होतं. चौकट घालून, मोठा फोटो हवा असेल तर जाहिरात विभागात पैसे भरायचे. मजकूर वहीच्या फाडलेल्या पानावर यायचा, लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यायचा, पुढे व्हॉट्सॲपवर यायला लागला. फोटो बहुतेक वेळा कुठल्या तरी लग्नातला; शेजारच्याचा खांदा तसाच राहिलेला. गावाकडचा मजकूर वार्ताहर पाठवायचा, नाहीतर पेपर विक्रेता संध्याकाळी आणून द्यायचा. एक नियम मात्र कडक होता: मजकुरावर दिलेल्या नंबरला आपण उलट फोन करून खात्री केल्याशिवाय एकही निधन छापायचं नाही. जिवंत माणसाचं निधन छापून आणू पाहणारे लोक जगात असतात. या उलट फोनांमुळे माझा अनोळखी घरांशी अगदी कठीण वेळी संबंध आला. मोजकी वाक्यं बोलायची, नावं पडताळायची, फोन ठेवायचा. त्या मोजक्या वाक्यांत मी जे ऐकलं, ते मोठ्या मुलाखतींमधूनही क्वचित हाती लागतं.

एका संध्याकाळी एका जुन्या तालमीतली पाच-सहा मुलं ऑफिसात आली. त्यांच्याकडे राहणारे एक म्हातारे गृहस्थ सकाळी गेले होते. बेळगावकडच्या एका खेड्यातून तरुणपणी कुस्तीसाठी आले, खांदा निखळला, कुस्ती संपली, आणि ते गावी परत गेलेच नाहीत. तालमीचा हौद खणायचा, लाल मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मळायची, पहाटे पोरांना उठवायचं, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. लग्न केलं नव्हतं. मुलांनी माझ्याच टेबलावर वाकून मजकूर लिहिला आणि ‘पश्चात’पाशी ती अडली.

“ताई, इथं काय लिवायचं?”

जवळचं कुणी नसेल तर ती ओळ गाळतात, असं मी सांगितलं. ती बाजूला गेली, आपसांत बोलली आणि कागद परत आणला. त्यावर तालमीत त्या वेळी असलेल्या सगळ्या मल्लांची नावं होती. वीसेक तरी. मी म्हटलं, इतकी नावं बसणार नाहीत, चार-पाच ठेवा. कुणाची ठेवायची यावर वाद होईल असं मला वाटलं. त्यांच्यात एक जण नाव झालेला पैलवान होता. त्याचा फोटो आमच्याच क्रीडा पानावर येऊन गेला होता. तोच म्हणाला, “आमची नकोत मग. बारक्यांची घाला. शेवटी शेवटी तीच त्यांच्यापाशी झोपायची.”

मग चार बारक्यांची नावं लिहिली गेली. आठवी-नववीतली पोरं. कुणी करवीर तालुक्यातला, कुणी थेट मराठवाड्यातून कुस्ती शिकायला आलेला. आमचे वृत्तसंपादक शैलीच्या बाबतीत फार काटेकोर. रक्ताचं नातं नसलेली नावं ‘पश्चात’मध्ये चालतील का, असं विचारायला मी कागद त्यांच्याकडे नेला. त्यांनी तो वाचला, एका नावातली वेलांटी दुरुस्त केली आणि “जाऊ दे तसंच” म्हणाले.

स्वतःचं नाव छापून येणं ही आमच्या भागात लहान गोष्ट नाही. वाढदिवसाच्या फलकावर आपला फोटो किती मोठा, आपण कुणाच्या उजव्या हाताला, यावरून मंडळं फुटलेली मी पाहिली आहेत. त्या गावात एक नावाजलेला तरुण, कुणी न सांगता, आपली ओळ चार पोरांना देतो. त्यानं त्यावर भाषण केलं नाही. आभार मानून गेला.

सगळेच असे असतात, असं मी म्हणणार नाही. सुनेचं नाव गाळणारी घरं आहेत. पहिल्या पत्नीची मुलं आणि दुसऱ्या पत्नीची मुलं एकाच माणसाचे दोन वेगळे मजकूर घेऊन आलेली मी पाहिली आहेत. दोन्हींत दुसऱ्या बाजूचा उल्लेख नाही. ‘आमच्या मुलाशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही, त्याच्याशी केलेल्या व्यवहारास आम्ही जबाबदार नाही’ अशी वकिलामार्फत दिलेली नोटीस याच पानाच्या खालच्या बाजूला असते, आणि तिच्याखाली आई-वडील दोघांची नावं असतात. या पानावर बसणाऱ्याला माणसांविषयी भाबडं राहता येत नाही. म्हणूनच जेव्हा उलटं काही घडतं, तेव्हा ते किती अवघड होतं याचाही अंदाज येतो.

पन्हाळा तालुक्यातल्या एका गावातून एका शेतकऱ्याच्या निधनाचा मजकूर मुलांनी पाठवला. पश्चात पत्नी, दोन मुलगे, दोन मुली, त्यांची नावं. पान जवळजवळ लागलं होतं. रात्री ऑफिसच्या नंबरवर एका बाईंचा फोन आला. आवाज वयस्कर, आणि फोनवर बोलायची फारशी सवय नसलेला.

“त्यांची बायको बोलतीया. पोरी तीन हायत. दोन न्हाईत.”

मी नाव विचारलं. त्यांनी सांगितलं आणि फोन ठेवला. मी तिथल्या वार्ताहराला विचारलं. त्याला सगळं माहीत होतं. तिसऱ्या मुलीनं जातीबाहेर लग्न केलं होतं, घरानं तिचं नाव टाकलं होतं, वडिलांच्या आजारपणातही तिला येऊ दिलं नव्हतं. वार्ताहर म्हणाला, त्या घरच्या भांडणात आपण पडू नये, आहे तसंच जाऊ दे. त्याचं म्हणणं नियमाला धरूनच होतं. मजकूर मुलांनी दिला होता. पण नवऱ्याला पोचवून आलेल्या बाईनं कुणाकडून तरी नंबर मिळवून फोन केला होता. तो फोन झालाच नाही असं धरणं मला शक्य नव्हतं. मी थोरल्या मुलाला फोन लावला आणि आई काय म्हणाल्या ते जसंच्या तसं सांगितलं.

तो बराच वेळ बोलला नाही. मागे घरात माणसांचा आवाज येत होता. मग म्हणाला, “आईनं स्वतः फोन केला?” मी हो म्हटलं. “मग तीन करा.” मी नाव घातलं, ओळ नीट बसवली, पान छपाईला पाठवायला उठले, तोवर त्याचा पुन्हा फोन. मला वाटलं, विचार बदलला. तो म्हणाला, “मॅडम, तिचं नाव शेवटी टाकलंय का? शेवटी नको. ती थोरली हाय.”

पुढे त्या घरात काय झालं, ती मुलगी रक्षाविसर्जनाला आली की नाही, हे मी विचारलं नाही. तो माझ्या कामाचा भाग नव्हता. त्या रात्री एका भावानं बहिणीला तिच्या जागी परत नेऊन ठेवलं. ते गावातल्या प्रत्येक घरात छापील स्वरूपात पोचणार आहे, हे त्याला पूर्ण ठाऊक होतं. घरातल्या घरात माफ करणं तुलनेनं सोपं. त्यानं ते भावकीदेखत केलं.

पहिल्या पानावर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी अशा गोष्टी सांगायचे. ती हुशार आणि मेहनती माणसं होती. पण त्यांचा दिवस कुणी पैसे खाल्ले, कुणी कुणाला मारलं, कुणी कुणावर काय आरोप केला यात जायचा. ते कामही हवंच. त्याशिवाय वर्तमानपत्राला अर्थ नाही. पण रोज तेवढंच पाहिलं तर माणसाला माणसांविषयी जे मत बनतं, ते अपुऱ्या पुराव्यावर बनलेलं असतं, असं मला ठामपणे वाटतं. लंडनच्या ‘टाइम्स’च्या पहिल्या पानावर मे 1966 पर्यंत बातम्या नसायच्या, तिथे छोट्या जाहिराती असायच्या, जन्म-मृत्यूच्या नोंदी असायच्या. आपल्याकडे 1822 पासून चालू असलेल्या ‘मुंबई समाचार’ची मरणनोंध गुजराती घरांत आजही नेमानं वाचली जाते. माणसाचं जाणं-येणं ही बातमीच आहे, हे त्या संपादकांना मान्य होतं. आम्ही तिला आत ढकललं. आत ढकललं तरी वाचक तिच्यापर्यंत पोचतोच.

हातातल्या फोनमुळे माणसांविषयी असं अपुरं मत बनवणं आणखी सोपं झालं आहे. आमच्या भागातल्या एका ग्रुपवर एक गृहस्थ रोज सकाळी इतकं कडवट काहीतरी पाठवायचे की त्यांचा नंबर दिसला तरी माझ्या कपाळावर आठी यायची. एका संध्याकाळी तेच समोर येऊन उभे राहिले. सीपीआर रुग्णालयाच्या दारात त्यांना एक पिशवी सापडली होती. आत केसपेपर, औषधांची चिठ्ठी आणि रुमालात बांधलेले पैसे. ते तास-दोन तास अपघात विभागात, मग वॉर्डावॉर्डांत हिंडले होते. पिशवीवाले सापडले नाहीत म्हणून ‘सापडले’मध्ये छापायला आले होते. रक्कम छापू नका, म्हणजे खऱ्या माणसाला ओळख पटवता येईल, हेही त्यांनीच सुचवलं. “औषध घ्यायचे पैसे हायत ओ. त्यांची रात्र कशी जाईल?” एवढंच दोनदा म्हणाले. त्यांच्या त्या मेसेजांवरचा माझा राग आजही कायम आहे. ते लिखाण वाईटच आहे. पण तो माणूस म्हणजे तेवढे मेसेज, असं मी त्यानंतर मानू शकले नाही. रोजच्या माध्यमांतून माणसाची एकच बाजू पुन्हा पुन्हा समोर येते आणि आपण तिलाच माणूस समजतो. हे त्या संध्याकाळी मी डोळ्यांनी पाहिलं.

2020 च्या एप्रिलमध्ये कोरोनाच्या साथीत राज्य सरकारनं घरोघरी पेपर टाकायला बंदी घातली. ती काही दिवसांत आमच्याकडे शिथिल झाली, पण तेवढ्या दिवसांतही एका विक्रेत्यानं आपल्या ओळीतल्या म्हाताऱ्या वाचकांना रोज सकाळी फोन करून निधनाचं सदर वाचून दाखवलं. त्यासाठी कुणी त्याला पैसे देणार नव्हतं.

2021 चा एप्रिल आणि मे मात्र मी विसरू शकत नाही. एरवी अर्ध्या पानात मावणारं सदर दोन-दोन पानं व्हायला लागलं. रक्षाविसर्जनाची ओळ गेली. तिच्या जागी ‘कृपया कोणीही भेटण्यास येऊ नये’ अशी ओळ आली. उलट फोन केला की पलीकडून खोकला ऐकू यायचा; मजकूर देणारा स्वतःच खाटेवर. अशाच एका तरुणानं चार दिवसांच्या अंतरानं आधी वडिलांचा आणि मग आईचा मजकूर पाठवला. तो स्वतः ऑक्सिजनवर होता. दुसऱ्या मजकुराच्या वेळी तो म्हणाला, आईवर अंत्यसंस्कार ज्यांनी केले ती मुलं दुसऱ्या धर्माची होती, मी त्यांना पाहिलंही नाही, त्यांची नावं शोधून या मजकुरात घाला. आमच्या बातमीदारानं ती मुलं शोधली. ती दिवसभर संरक्षक पोशाखात स्मशानातच होती. त्यांच्यातल्या एकाशी मी बोलले. तो म्हणाला, “नाव नको ताई. त्यांच्या घरातल्यांचंच राहू दे. त्यांना बरं वाटंल.” मी हे तरुणाला कळवलं, तर तो घालाच म्हणून अडून बसला. रात्री उशिरापर्यंत माझे फोन चालले होते. एक देण्यासाठी हटून बसलेला, दुसरा न घेण्यासाठी. शेवटी ‘अंत्यसंस्कार करणाऱ्या बांधवांचे कुटुंबीय ऋणी आहेत’ एवढी ओळ दोघांनी मान्य केली. तो तरुण बरा होऊन घरी गेला.

पावसाळ्यात याच पानावर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी यायची. 39 फुटांवर इशारा, 43 फुटांवर धोका, हे आकडे कोल्हापुरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. पुराच्या रात्री ऑफिसचा फोन थांबायचा नाही. प्रयाग चिखली आणि आंबेवाडी ही पहिल्यांदा पाण्यात जाणारी गावं. चिखलीचे एक शेतकरी आम्हाला दर पुरात तासा-दोन तासांनी आपणहून पाणी कळवायचे. जनावरं आधीच सोनतळीला हलवलेली, माणसं हलवायची तयारी चाललेली, आणि त्यातही ते फोन करायचे, कारण “खालच्या गावास्नी कळाय पायजे”. त्यांच्या घरात पाणी शिरलं हे त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. ते वार्ताहराकडून कळायचं.

आणखी एक मजकूर. मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. त्यानंतर काही महिन्यांनी त्याच तालुक्यातून एका गृहस्थांच्या निधनाचा मजकूर आला. एरवी ‘पश्चात पत्नी’ एवढ्या दोन शब्दांत जाणाऱ्या बाईंचं यात पूर्ण नाव होतं, पुढे त्यांचा शिवणकामाचा व्यवसाय होता, आणि मग मुलगे. मजकूर सासूबाईंनी सांगून लिहवून घेतला होता. मुलगा गमावलेल्या आईला त्या दिवशी सुनेचं उद्याचं आयुष्य सुचतं, याबद्दल मला जितका आदर वाटतो तितका फार थोड्या मोठ्या माणसांबद्दल वाटला आहे.

आता हे सदर बऱ्याच ठिकाणी आकसतं आहे. कागद महाग, पानं कमी, आणि विनामूल्य जागा व्यवस्थापनाच्या डोळ्यांत खुपते. ‘हे सगळं व्हॉट्सॲपवर येतंच की’ असा युक्तिवाद मी बैठकीत ऐकला आहे. तो चुकीचा आहे. फोनवरचा निरोप ज्याला पाठवला त्यालाच जातो. पेपरातली ओळ भांडलेल्या भावकीलाही जाते, विसरलेल्या मित्रालाही जाते, आणि एखाद्या टाकलेल्या बहिणीलाही. निधनाचं विनामूल्य सदर बंद करू नये, हे माझं व्यवसायात घालवलेल्या वर्षांनंतरचं स्पष्ट मत आहे.

आणि वाचकांना एक विनंती. तुमच्या घरी असा मजकूर लिहायची वेळ येईल तेव्हा ‘पश्चात’ लिहिताना घाई करू नका. शेवटच्या आजारपणात कुणी कूस बदलून दिली, कुणी डबा आणला, कुणाला घरानं दूर ठेवलं आहे, ते एकदा आठवा आणि त्यांचं नाव घाला. पाच ओळींत ते बसतं. नावं सुवाच्य लिहा, खाली चालू असलेला फोन नंबर द्या, आणि कागद रात्री आठच्या आत पोचवा.